अभ्यासक्रमाचे दार : अमेरिकन महाविद्यालयात समकालीन साहित्य कसे शिरले

१

महाविद्यालयात एखादे पुस्तक नेमले जाते तेव्हा ते कोणी नेमले, केव्हा नेमले आणि नेमले जाण्याआधी ते कुठे होते, हे विचारायला विद्यार्थ्याला कोणी शिकवत नाही. अभ्यास मंडळाची बैठक होते, यादी छापून येते, दुकानात गाइड येते, परीक्षा होते आणि काही वर्षांनी यादी बदलते. या साऱ्या व्यवहारात पुस्तक जणू आभाळातून पडल्यासारखे वर्गात येते. त्याला मागचा इतिहास नसतो, भांडण नसते, शत्रू नसतात.

मी मराठवाड्यात तीस वर्षे इंग्रजी शिकवले. एम. ए.च्या वर्गाचा अमेरिकन साहित्याचा पेपर त्यांतली बरीच वर्षे माझ्याकडे असे. मी स्वतः शिकलो तेव्हा या पेपरात इमर्सन, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन, फ्रॉस्ट आणि हेमिंग्वे होते. एकही काळा लेखक नव्हता. मी शिकवू लागल्यावर काही वर्षांनी एलिसन आला, पुढे टोनी मॉरिसन आल्या. माझ्या वर्गात बसणारी बहुतेक मुले घरातली पहिली पदवी घेणारी. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलेही त्यांत असत. रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन' वाचून त्यांतल्या एकाने मला विचारले होते, "सर, हे तिथल्या कॉलेजात शिकवतात का? शिकवू देतात का?"

प्रश्न साधा आहे आणि इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर वर्गातल्या पन्नास मिनिटांत देता येत नाही, म्हणून ते इथे देत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : अमेरिकन महाविद्यालयात ज्या दाराने माणसे आत आली त्याच दाराने त्यांची पुस्तके आत आली. आधी पुस्तके आली आणि मग माणसे, असे कुठेच झाले नाही. आणि माणसांसाठी ते दार लोटले जाऊ लागले की पुस्तकांसाठीही लोटले जाते.

२

गंमत अशी की अमेरिकेत खुद्द अमेरिकन साहित्यालाही बराच काळ दाराबाहेर उभे राहावे लागले. तिथली जुनी महाविद्यालये ग्रीक आणि लॅटिन शिकवीत. इंग्रजी हा स्वतंत्र विषय म्हणून रुजायला एकोणिसावे शतक उलटत आले. भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही संघटना १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्यात अमेरिकन साहित्याचा स्वतंत्र गट व्हायला १९२१ साल उजाडले. या विषयाला वाहिलेले 'अमेरिकन लिटरेचर' हे विद्वत्तापूर्ण नियतकालिक १९२९ मध्ये निघाले. तोवर अमेरिकन प्राध्यापकाच्या लेखी साहित्य म्हणजे इंग्लंडचे साहित्य होते. राज्य जाऊन दीडशे वर्षे झाली तरी डोक्यावर सत्ता साहेबाची.

मेलव्हिलचे उदाहरण बोलके आहे. 'मोबी डिक' १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. १८९१ मध्ये मेलव्हिल वारला तेव्हा तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९२१ मध्ये रेमंड वीव्हरने त्याचे चरित्र लिहिले, १९२४ मध्ये त्याची 'बिली बड' ही कथा हस्तलिखितातून प्रथमच छापली गेली, आणि मग तो 'श्रेष्ठ' ठरला. श्रेष्ठत्व ग्रंथात असते हे खरे. पण ते जाहीर करायला माणसे लागतात, छापखाना लागतो आणि वर्ग लागतो.

१९४१ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक एफ. ओ. मॅथीसन यांचा 'अमेरिकन रेनेसान्स' हा ग्रंथ आला. इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन हे पाच लेखक त्याने अमेरिकन साहित्याच्या केंद्रस्थानी बसवले. ग्रंथ मोठा आहे, मी तो आदराने वाचला आहे. पण त्याने आखलेल्या वर्तुळात पाचही जण गोरे, पाचही पुरुष. ज्या दशकांविषयी तो बोलतो त्याच दशकांत, १८४५ मध्ये, फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटलेल्या माणसाने आपले आत्मकथन लिहिले. ते त्या काळी खूप खपले. नंतर मात्र दीर्घकाळ ते बाजारातून नाहीसे झाले, आणि विद्यापीठीय आवृत्ती निघायला १९६० साल यावे लागले. गुलामीत जगलेल्या हॅरिएट जेकब्ज यांचे १८६१ चे आत्मकथन तर गोऱ्या बाईने रचलेली कादंबरी असावी, असा समज अभ्यासकांत होता. जीन फेगन येलिन यांनी पत्रे आणि दप्तरे धुंडाळून ते जेकब्ज यांचेच असल्याचे सिद्ध केले आणि त्याची प्रमाण आवृत्ती १९८७ मध्ये काढली. लिहिणारी बाई गुलाम होती म्हणून तिने लिहिले असेल यावर सव्वाशे वर्षे विश्वास बसला नाही!

'काळाची कसोटी' हा शब्द आपल्या समीक्षकांनाही फार प्रिय आहे. दलित साहित्याला सुरुवातीला हेच सांगितले जात होते की थांबा, काळ ठरवील. काळ काहीच ठरवत नाही. ज्यांच्या हाती यादी असते ते ठरवतात आणि काळाचे नाव सांगतात.

३

मग काळ्यांचे साहित्य कुठेच शिकवले जात नव्हते काय? शिकवले जात होते. ते काळ्यांच्याच महाविद्यालयांत शिकवले जात होते. यादवी युद्धानंतर हॉवर्ड, फिस्क यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. ती राज्ये अजून आठवणीत असताना या संस्थांनी वर्ग भरवले.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्टर्लिंग ब्राउन हे कवी १९२९ पासून सुमारे चाळीस वर्षे इंग्रजी शिकवीत होते. शेक्सपिअरही शिकवीत आणि वर्गाबाहेर विद्यार्थ्यांना ब्लूज आणि जॅझची तबकडी लावून ती ऐकायला शिकवीत. आपल्या लोकांच्या गाण्यात कविता असते, हे त्यांनी अभ्यासक्रमाची वाट न पाहता शिकवले. ज्या १९४१ साली मॅथीसनचा ग्रंथ आला त्याच साली ब्राउन, आर्थर डेव्हिस आणि युलिसिस ली यांनी 'द नीग्रो कॅरव्हॅन' हा काळ्या लेखकांचा भला थोरला संग्रह संपादित केला. मॅथीसनचा ग्रंथ देशभरच्या इंग्रजी विभागांचा पाया झाला. ब्राउन यांचा संग्रह काळ्यांच्या महाविद्यालयांत राहिला. त्याचे पुनर्मुद्रण झाले ते १९६९ मध्ये, आणि हे वर्ष का आले ते पुढे दिसेल.

महाविद्यालयाबाहेर काय होते तेही ध्यानात घेतले पाहिजे. रिचर्ड राइटने 'ब्लॅक बॉय' या १९४५ च्या आत्मकथनात आपण ग्रंथालयातून पुस्तके कशी मिळवली ते सांगितले आहे. मेम्फिस शहरातल्या ग्रंथालयात काळ्यांना पुस्तके नेता येत नसत. राइटने एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड मागून घेतले आणि त्या गोऱ्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहून, आपण फक्त निरोप्या आहोत असे भासवून, पुस्तके आणली. पुढे त्याच राइटची पुस्तके जगभर नेमली गेली. त्याचा पेपर लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला ही चिठ्ठी माहीत असली पाहिजे. ती त्याच्या साहित्याच्या बाहेरची गोष्ट नाही.

४

खरा तडाखा १९६८ मध्ये बसला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेज हे कॅलिफोर्निया राज्याचे सरकारी महाविद्यालय. आसपास काळ्यांची, मेक्सिकन, चिनी, जपानी आणि फिलिपिनो लोकांची मोठी वस्ती होती. महाविद्यालयात त्यांची मुले थोडी. १९६६ मध्ये तिथे ब्लॅक स्टुडंट्स युनियन ही संघटना उभी राहिली. विद्यार्थ्यांनी स्वतःच चालवलेल्या 'प्रायोगिक महाविद्यालया'त काळ्यांचा इतिहास आणि साहित्य यांचे वर्ग भरू लागले. कवयित्री सोनिया सांचेझ तिथे शिकवायला आल्या. लीरॉय जोन्स, म्हणजे पुढचे अमिरी बराका, १९६७ मध्ये तिथे आले आणि त्यांनी नाटके बसवली. समकालीन साहित्य इथे विषय होऊन आले नव्हते. लिहिणारी माणसेच वर्गात उभी होती.

जॉर्ज मरे हे तिथले इंग्रजीचे तरुण शिक्षक आणि ब्लॅक पँथर पक्षाचे शिक्षणमंत्री. त्यांच्या भाषणांवरून त्यांना निलंबित करण्यात आले. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी संप सुरू झाला. काळ्या विद्यार्थ्यांच्या दहा मागण्या, आणि 'थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट' या इतर वंशीय विद्यार्थ्यांच्या आघाडीच्या पाच, मिळून पंधरा. त्या मागण्या मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचून दाखवीत असे, कारण त्यांत कुठल्याही पुस्तकाचे नाव नाही. मागण्या होत्या त्या स्वतंत्र विभागाच्या, पदवी देण्याच्या अधिकाराच्या, शिक्षकांच्या जागांच्या, विभागाचा कारभार आपल्या हाती असण्याच्या आणि अर्ज करणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याच्या. त्या मुलांना नेमके कळले होते. यादीत एक पुस्तक घालून घेतले तर पुढच्या वर्षी ते काढता येते. विभाग, जागा आणि प्रवेश मिळाले तर यादी आपोआप बदलते.

संपाला तोंड द्यायला अध्यक्ष म्हणून बसवले गेले ते एस. आय. हायाकावा. हे इंग्रजीचे प्राध्यापक, भाषेच्या व्यवहारावरील एका गाजलेल्या पुस्तकाचे लेखक. २ डिसेंबरला ते विद्यार्थ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तारा उपटल्या. भाषेवर पुस्तके लिहिणारा माणूस बोलणाऱ्याची तार तोडताना साऱ्या देशाने पाहिला, आणि त्यातून त्याची लोकप्रियता वाढली. पुढे तो अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेला. जानेवारी १९६९ मध्ये शिक्षकांची संघटनाही संपात उतरली. त्याच महिन्यात एका दिवशी चारशेहून अधिक लोकांना अटक झाली. मार्चमध्ये तडजोड झाली. अमेरिकन विद्यार्थ्यांचा इतका लांबलेला संप त्याआधी झाला नव्हता.

फळ काय मिळाले? त्या वर्षाच्या शेवटी त्या महाविद्यालयात वांशिक अभ्यासाची स्वतंत्र शाखा सुरू झाली. देशभरच्या महाविद्यालयांतून काळ्यांच्या अभ्यासाचे विभाग निघाले. त्यांना वर्गात वाचायला पुस्तके हवी होती, म्हणून प्रकाशकांनी जुने संग्रह बाहेर काढले. 'द नीग्रो कॅरव्हॅन'चे पुनर्मुद्रण १९६९ मध्ये का झाले याचे उत्तर हे आहे. मात्र ज्यांच्या नोकरीसाठी विद्यार्थी लाठ्या खात होते ते जॉर्ज मरे आणि काळ्यांच्या अभ्यासाची आखणी करणारे नेथन हेअर, या दोघांनाही महाविद्यालयाने परत घेतले नाही. विभाग आला, तो आणणारे बाहेर राहिले. चळवळीत हे नेहमी घडते, आणि विभागाच्या रौप्यमहोत्सवात ते नेहमी विसरले जाते.

५

दुसरी जागा न्यू यॉर्कची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले तेथून उत्तरेला चालत जाण्याच्या अंतरावर, हार्लेमच्या टेकडीवर, सिटी कॉलेज आहे. १८४७ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय फी घेत नसे. स्थलांतरित गरीब ज्यूंच्या कित्येक पिढ्या तिथून शिकून वर आल्या. पण खाली पसरलेल्या हार्लेमची काळी मुले आणि पोर्तोरिकन मुले मात्र त्या टेकडीवर क्वचितच चढत.

१९६० नंतरच्या दशकाच्या मध्यावर तिथे 'सीक' नावाची योजना सुरू झाली. गरीब वस्त्यांतल्या, शाळेने नीट न शिकवलेल्या मुलांना विशेष प्रवेश द्यायचा आणि त्यांना महाविद्यालयीन लेखन-वाचनासाठी तयार करायचे. या योजनेत शिकवायला कोण होते पाहा : ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बाम्बारा, एड्रिएन रिच. आज ही नावे समकालीन अमेरिकन साहित्याच्या पेपरात असतात. त्या काळी या बाया पहिल्या वर्षाच्या मुलांना परिच्छेद कसा लिहावा ते शिकवून पोट भरत होत्या. बाम्बारा यांनी १९७० मध्ये संपादित केलेला 'द ब्लॅक वूमन' हा संग्रह याच वातावरणातला आहे. शिकवणे आणि लिहिणे यांत भिंत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचा दक्षिण भाग ताब्यात घेतला. शहरातल्या शाळांत आमच्या मुलांचे जे प्रमाण आहे तेच महाविद्यालयात दिसले पाहिजे, ही त्यांची एक मागणी. त्यातून 'खुला प्रवेश' आला. १९७० च्या सत्रापासून शहरातल्या माध्यमिक शाळेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला न्यू यॉर्कच्या नागरी विद्यापीठाच्या कुठल्या तरी महाविद्यालयात जागा मिळू लागली.

लगेच ओरड झाली की दर्जा बुडाला. आपल्याकडे राखीव जागांविरुद्ध जे बोलले जाते तेच शब्द, फक्त इंग्रजीत. त्या ओरडीला सर्वांत भक्कम उत्तर दिले ते मिना शॉनेसी या शिक्षिकेने. खुल्या प्रवेशाने आलेल्या मुलांचे सुमारे चार हजार निबंध तिने तपासले आणि १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक लिहिले. तिचे सांगणे असे की या मुलांच्या चुका आंधळ्या नाहीत. प्रत्येक चुकीमागे मुलाने स्वतःशी बांधलेला एक नियम असतो, एक तर्क असतो. तो शोधला पाहिजे. ही मुले मंद नाहीत, ती नवशिकी आहेत. आणि नवशिक्याच्या चुका नवशिक्यासारख्याच असणार.

हे पुस्तक वाचल्यावर माझ्या उत्तरपत्रिका तपासण्याला वेगळी दिशा मिळाली. आमच्या मुलांच्या इंग्रजीतून 'ए' आणि 'द' गळतात, कारण मराठीत ते नाहीत. मराठीचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून लांब इंग्रजी वाक्यात मुलगा कर्ता आणि क्रियापद यांची गाठ हरवतो. यात बुद्धीचा प्रश्न कुठे येतो? साहित्य शिकवण्याचा विचार भाषा शिकवण्यापासून तोडता येत नाही, हे हार्लेमच्या टेकडीवर सिद्ध झाले. ज्याला वाक्य लिहिता येत नाही असे म्हणून तुम्ही बाहेर ठेवता, त्याच्यासाठी मॉरिसन नेमून काय उपयोग?

१९७५ च्या सुमारास न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. १९७६ मध्ये त्या विद्यापीठात फी सुरू झाली. १२९ वर्षे गरीब गोऱ्यांना जे फुकट मिळाले ते काळी मुले पोचल्यावर सहा वर्षांत पैशाचे झाले.

६

स्त्रियांची लढाई या लढाईच्या आतली होती. झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी १९३७ ची. काळ्या खेड्यातल्या बाईची, तिच्या बोलीत रंगलेली. त्या वेळी तिच्यावर सर्वांत कडक टीका करणाऱ्यांत खुद्द रिचर्ड राइट होता. तिच्यात सामाजिक आशय नाही, असे त्याचे म्हणणे. बाईने आपले मन शोधणे हाही सामाजिक आशय आहे, हे त्या पिढीच्या पुरुष लेखकाला दिसले नाही. हर्स्टन पुढे मोलकरणीचे काम करीत होत्या. १९६० मध्ये फ्लोरिडात एका धर्मादाय आश्रयगृहात त्या वारल्या. लोकांनी वर्गणी काढून त्यांना पुरले; थडग्यावर दगडही नव्हता.

ॲलिस वॉकर यांनी १९७२ मध्ये वेलस्ली कॉलेजात काळ्या लेखिकांवर अभ्यासक्रम शिकवला. अशा प्रकारच्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमांपैकी तो एक. १९७३ मध्ये त्या फ्लोरिडातल्या गवत माजलेल्या दफनभूमीत हर्स्टन यांची जागा शोधत फिरल्या, त्यांनी तिथे दगड बसवला आणि १९७५ मध्ये 'मिस' या नियतकालिकात त्या शोधावर लेख लिहिला. कादंबरी बाजारात मिळत नव्हती. शिक्षिका तिच्या झेरॉक्स प्रती काढून वर्गात वाटत होत्या. अखेर १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा छापली. आज अमेरिकेत सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत ती मोडते. मधल्या चाळीस वर्षांत कादंबरीतला एक शब्दही बदलला नव्हता. वर्गात बसणारी आणि वर्गाला शिकवणारी माणसे तेवढी बदलली होती.

आपल्याकडेही ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. कोणत्याही विद्यापीठाने यादी करून दिल्यावर ते काम झाले नाही.

यानंतर संग्रहांचे युग आले. पॉल लॉटर यांच्या संपादनाखाली 'हीथ' संग्रह १९९० मध्ये आला. त्यात आदिवासी, काळे, स्पॅनिशभाषक आणि स्त्रिया यांना मोठी जागा मिळाली. हेन्री लुई गेट्स आणि नेली मकाय यांनी संपादित केलेला आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा 'नॉर्टन' संग्रह १९९६ च्या अखेरीस आला. त्याच्यासोबत भजने, ब्लूज आणि प्रवचने यांची ध्वनिमुद्रिका दिलेली होती. स्टर्लिंग ब्राउन वर्गाबाहेर जे ऐकवीत होते ते आता क्रमिक पुस्तकाचा भाग झाले. आमचे जलसे आणि वामनदादांची गाणी विद्यापीठाच्या वर्गात अशी केव्हा ऐकवली जातील, हा विचार तो संग्रह हाताळताना मनात आल्यावाचून राहिला नाही.

७

हे सारे साहित्य आपल्यापर्यंत दोन वाटांनी आले. एक वाट सरकारी होती. फुलब्राइट योजना भारतात १९५० पासून सुरू झाली. १९६४ मध्ये हैदराबादला अमेरिकन अभ्यास संशोधन केंद्र निघाले; तिथले ग्रंथालय देशभरच्या प्राध्यापकांची पंढरी झाले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला आपली बाजू जगाला पटवायची होती, आणि साहित्य हे त्याचे एक साधन होते. या वाटेने मुख्यतः मॅथीसनचे पाच आणि त्यांचे वारस आले.

दुसरी वाट आपली स्वतःची. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिल्या जाणाऱ्या निवेदनाविषयी विचारणा केली होती. बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेचे मिलिंद महाविद्यालय औरंगाबादला १९५० मध्ये सुरू झाले. तिथल्या प्राध्यापकांत अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखडे होते, काळ्या लेखकांचा दाखला देऊन दलित लेखकाला उभे राहायला सांगणाऱ्यांत ते पहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. ओकलंडमध्ये १९६६ साली निघालेल्या पक्षाचे नाव तिने घेतले. जनार्दन वाघमारे यांनी काळ्यांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. यांतले काहीही अभ्यास मंडळाच्या बैठकीतून आले नाही. विद्यापीठाच्या यादीत काळा लेखक नव्हता तेव्हा मराठी दलित कवी त्याची भाषा ओळखत होता.

जात आणि वंश एक नव्हेत. काळ्याची गुलामी विकत घेतलेली होती, आपली धर्माने नेमून दिलेली. काळा माणूस ज्या धर्मात होता त्याच धर्मातली गाणी त्याने मुक्तीसाठी वापरली. आपल्याला तो धर्म सोडावा लागला. हा फरक वर्गात स्पष्ट करून सांगितलाच पाहिजे. पण शाळेचे दार, ग्रंथालयाचे दार आणि अभ्यासक्रमाचे दार यांची बांधणी दोन्हीकडे सारखी आहे.

आज आपल्या विद्यापीठांत काळे अमेरिकन लेखक आहेत, दलित आत्मकथनेही आहेत. याचे समाधान आहे. पण प्रश्नपत्रिका पाहिली की मन खट्टू होते. 'प्रतिमा स्पष्ट करा', 'निवेदनतंत्राची चर्चा करा', 'टीपा लिहा'. मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' या १९८७ च्या कादंबरीत भूत कशाचे प्रतीक आहे ते विद्यार्थी सांगतो. त्या कादंबरीला मोठा राष्ट्रीय पुरस्कार नाकारला गेल्यावर जानेवारी १९८८ मध्ये अठ्ठेचाळीस काळ्या लेखकांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये जाहीर निवेदन प्रसिद्ध केले, हे तो सांगत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेले नसते. पुस्तक आत आले आणि त्याला आणणारी चळवळ दारातच राहिली, तर उरतो तो पाठांतराचा आणखी एक धडा.

आणि हे दार एकदा उघडले म्हणजे कायमचे उघडले, असे नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्याने वंशविषयक अध्यापनावर बंधने घालणारा कायदा केला; उच्च शिक्षणापुरता तो न्यायालयाने रोखला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच राज्याने महाविद्यालयीन श्रेयांक मिळवून देणारा आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा पाठ्यक्रम आपल्या शाळांत चालवायला नकार दिला. त्याच वर्षी टेक्सासने सरकारी विद्यापीठांतील वंशविविधतेची कार्यालये बंद करणारा कायदा केला, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. माणसांचे दार आणि पुस्तकांचे दार एकाच वर्षी लोटले गेले. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून महाश्वेता देवींची 'द्रौपदी' ही कथा आणि बामा व सुकीर्तराणी या दोन दलित लेखिकांचे लेखन काढून टाकण्यात आले.

म्हणून माझी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक सूचना आहे. अमेरिकेतल्या त्या संपाचे जाहीरनामे, छायाचित्रे आणि मुलाखती तिथल्या ग्रंथालयांनी जपून ठेवल्या आहेत. आपल्या प्रत्येक विद्यापीठात पहिले दलित पुस्तक केव्हा नेमले गेले, बैठकीत कोणी सुचवले, कोणी विरोध केला, कोणते कारण दिले, पहिल्या वर्षी ते कोणी शिकवले, हे लिहून काढले पाहिजे. त्या बैठकांना बसलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत आणि इतिवृत्तांचे गठ्ठे रद्दीत जायला वेळ लागत नाही. एम. ए.च्या चार विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात आपल्या विभागापुरते हे काम केले तरी पुरे आहे. उद्या कोणी ते पुस्तक काढायला निघाला, तर ते कसे आले होते हे सांगायला आपल्या हातात कागद हवा.